थरथर आणि फडफड : अनियमित नाडीच्या शोधाची कथा

मनगटावर तीन बोटे ठेवून माणसाच्या प्रकृतीचा ठाव घ्यावयाचा, ही रीत आपल्याकडे कित्येक शतके चालत आलेली आहे. शार्ङ्गधराने आपल्या संहितेत नाडीच्या चालीला प्राण्यांच्या चालींची उपमा दिली. कोठे सापासारखी वाकडी, कोठे बेडकासारखी उड्या घेणारी, तर कोठे हंसासारखी संथ. थांबत थांबत चालणारी नाडी प्राणघातक समजावी, असा इशाराही त्याने देऊन ठेवला. युरोपातील वैद्यांनाही अशी बेशिस्त नाडी ठाऊक होती आणि तिचे भयही तितकेच होते. परंतु नाडी बिघडली आहे, एवढेच बोटांना कळते. ती हृदयात नेमकी कोठे आणि कशी बिघडली, हे त्यांना सांगता येत नाही. हे कळावयास माणसाला विसावे शतक उजाडावे लागले. ते कसे कळले, आणि एकसारख्या दिसणाऱ्या बिघाडांची नावे वेगळी करणे इतके अगत्याचे का ठरले, याचा मागोवा येथे घ्यावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम हृदयाची रचना ध्यानात घेऊ. हृदयाला चार कप्पे आहेत. वरचे दोन ते अलिंद, खालचे दोन ते निलय. उजव्या अलिंदाच्या माथ्याशी एक लहानसे केंद्र आहे. त्यातून मिनिटास साठ ते शंभर वेळा विजेची सूक्ष्म लहर उठते. ती दोन्ही अलिंदांत पसरते, मग मधल्या एका अरुंद वाटेने खाली उतरते आणि निलय आकुंचन पावतात. ही वाट म्हणजे वाड्याची देवडीच म्हणा ना. तीवरचा पहारेकरी प्रत्येक लहरीला क्षणभर थोपवून मगच आत सोडतो. ही देवडी १९०६ साली सुनाओ टावारा या जपानी संशोधकाने जर्मनीत शोधून काढली, आणि वरचे केंद्र १९०७ साली इंग्लंडात कीथ आणि फ्लॅक यांनी दाखवून दिले. मनगटावर आपणांस लागते ती फक्त निलयांची धडक. अलिंदांची हालचाल तेथवर पोचतच नाही. वरच्या मजल्यावर चाललेला गोंधळ खालच्या दाराशी उभे राहून ओळखावा, तशी नाडी पाहणाऱ्याची स्थिती होती.

या गोंधळाच्या खुणा जुन्या लोकांस दिसल्या नव्हत्या असे नाही. १६२८ साली विल्यम हार्वेने रक्ताभिसरणावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मरणासन्न प्राण्याच्या हृदयाचे बाकीचे भाग थांबले तरी उजवे अलिंद काही वेळ थरथरत राहते, असे त्याने त्यात नमूद केले आहे. १७४९ मध्ये फ्रान्सच्या सेनाकने दुरुस्त न होणाऱ्या धडधडीचा संबंध हृदयाच्या डाव्या झडपेशी लावला. १७८५ मध्ये विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने डिजिटॅलिस या वनस्पतीवर पुस्तक लिहिले. क्षीण आणि अनियमित नाडी या औषधाने भरदार व नियमित झाल्याचे एक उदाहरण त्यात आहे. १८२७ मध्ये डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्सने झडप अरुंद होणे आणि नाडी बेताल होणे यांचे नाते दाखविले. १८७६ साली नॉथनागेलने या बेताल नाडीला ‘हृदयाचा उन्माद’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले. नाव झोकदार होते, पण त्याने उलगडा काहीच झाला नाही. आपल्या अज्ञानाला भारदस्त नाव देऊन वैद्यक पुढे गेले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

याच काळात दुसरीकडे, प्रयोगशाळेत, वेगळेच काम चालले होते. १८५० साली होफा आणि लुडविग यांनी प्राण्याच्या निलयाला विजेचा प्रवाह लावला. हृदय एकदिलाने आकुंचन पावण्याऐवजी त्याचा प्रत्येक तंतू आपापल्या मनाने वळवळू लागला. १८७४ मध्ये व्ह्युल्पियाँने याला तंतूंची थरथर या अर्थाचे नाव दिले. त्यापासूनच आजचा फिब्रिलेशन हा शब्द रूढ झाला. १८८७ मध्ये स्कॉटलंडच्या मॅकविल्यमने अलिंदाला प्रवाह लावून पाहिला. तेथे त्याला जे दिसले ते अतिशय जलद, पण बरेचसे एकसुरी होते. त्यासाठी त्याने फ्लटर, म्हणजे फडफड, हा शब्द वापरला. वाऱ्यावर पिंपळपान थरथरते आणि पिंजऱ्यात सापडलेला पक्षी पंख फडफडवतो. थरथरीला ताल नसतो, फडफडीला असतो. पुढील सर्व इतिहास या दोन शब्दांतील फरकाभोवती फिरतो.

आता कोणीही विचारील, की दवाखान्यात बेताल नाडी दिसत होती, प्रयोगशाळेत थरथरते हृदय दिसत होते, मग या दोहोंची सांगड घालावयास इतकी वर्षे का लागली? आमच्या मते त्याचे कारण असे. निलय थरथरू लागले की रक्त पुढे जात नाही आणि काही मिनिटांत मृत्यू येतो. म्हणून थरथर म्हणजे मरण, हे समीकरण शास्त्रज्ञांच्या मनात पक्के बसले होते. हिंडत्याफिरत्या माणसाचे अलिंद वर्षानुवर्षे थरथरत असतील आणि तरी तो बाजारहाट करीत असेल, ही गोष्ट कल्पनेतच येत नव्हती.

ही कोंडी फुटण्यास आरंभ झाला तो एखाद्या विद्यापीठात नव्हे. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात बर्नली नावाचे कापडगिरण्यांचे गाव आहे. तेथे जेम्स मॅकेंझी हा स्कॉटिश डॉक्टर १८७९ पासून सामान्य व्यवसाय करीत होता. मनगटाची नाडी आणि मानेतील शिरेची नाडी एकाच कागदावर शाईने उमटविणारे यंत्र त्याने स्थानिक घड्याळजीच्या मदतीने तयार केले. मानेच्या शिरेत अलिंदांच्या आकुंचनाची एक स्वतंत्र लाट उमटते. म्हणजे वरच्या मजल्यावर डोकावण्यास एक खिडकी मिळाली. मॅकेंझीचा मोठेपणा असा, की गावातील तेच ते रोगी तो वर्षानुवर्षे तपासत राहिला. झडप अरुंद झालेल्या रोग्यांत त्याला दिसले, की ज्या दिवशी नाडी कायमची बेताल होते त्या दिवसापासून अलिंदांची ती लाट नाहीशी होते. निरीक्षण बिनचूक होते, अर्थ मात्र नीट लागत नव्हता. अलिंद लुळे पडले असावेत, असे त्याने प्रथम मानले. पुढे ठोक्याचा उगम मधल्या देवडीशी होत असावा, असे मत त्याने मांडले. अलिंद थांबलेले नसून थरथरत आहेत, म्हणून त्यांची लाट उमटत नाही, हे उत्तर दुसऱ्याकडून यावयाचे होते.

आर्थर कुश्नी हा औषधिविज्ञानाचा अभ्यासक. कुत्र्याचे अलिंद थरथरत असताना घेतलेला नाडीचा आलेख आणि बेताल नाडीच्या रोग्याचा आलेख यांतील साम्य त्याच्या १८९९ सालीच ध्यानात आले होते. एडमंड्सबरोबर त्याने १९०७ मध्ये एका रुग्णाची हकीगत प्रसिद्ध करून ही शंका उघड बोलून दाखविली. तरीही ती शंकाच होती. पुरावा देणारे साधन लायडनमध्ये तयार होत होते.

विलेम आइंथोव्हेन याचा जन्म जावा बेटातील सेमारंग येथला. तो हॉलंडमधील लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक होता. छातीच्या पृष्ठभागावरून हृदयाची वीज टिपता येते, हे लंडनच्या ऑगस्टस वॉलरने १८८७ मध्ये दाखविले होते, पण त्याचे पाऱ्याचे साधन मंद होते. आइंथोव्हेनने चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा अतिसूक्ष्म तंतू प्रबळ चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ताणून बसविला आणि त्याच्या सावलीचे छायाचित्र सरकत्या पट्टीवर घेतले. १९०१ मध्ये त्याने या साधनाची माहिती प्रसिद्ध केली. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालवावयास पाच माणसे लागत. यंत्र रोग्याकडे नेणे अशक्य, म्हणून सुमारे दीड किलोमीटरवरील रुग्णालयापासून आपल्या प्रयोगशाळेपर्यंत त्याने तार जोडून घेतली. अशा रीतीने घेतलेले आलेख त्याने १९०६ साली छापले, आणि त्यांत बेताल नाडीचाही एक आलेख होता. आज आपण ज्याला कार्डिओग्राम म्हणतो तो हाच. त्यातील लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे आइंथोव्हेननेच दिली. त्यांपैकी पी ही लहानशी लाट अलिंदांची आणि क्यू-आर-एस हा उंच सुळका निलयांचा. १९२४ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

पट्टी उमटली, पण ती वाचणार कोण? हे काम मॅकेंझीच्या सांगण्यावरून नाडीच्या अभ्यासाकडे वळलेल्या टॉमस लुईस या तरुण वेल्श डॉक्टरने केले. १९०९ साली त्याने दाखवून दिले, की बेताल नाडीच्या रोग्याच्या पट्टीवर पी लाट नसते. तिच्या जागी सुळक्यांच्या मधील सर्व अंतरात बारीक, वेडीवाकडी थरथर उमटलेली असते. छातीवर उजव्या अलिंदाच्या जवळ तारा लावल्या की ही थरथर अधिक ठळक होते. कुत्र्याचे अलिंद डोळ्यांदेखत थरथरत असताना काढलेली पट्टी अगदी तशीच येते. पुढे घोड्यांमध्येही हा विकार निसर्गतः आढळतो असे पाहून, अशा घोड्याच्या हृदयात अलिंद प्रत्यक्ष थरथरताना त्याने पाहिले. त्याच १९०९ साली व्हिएन्नात रोथबर्गर आणि विंटरबर्ग हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षास आले. श्रेय कोणा एकाचे नव्हे. आणि मॅकेंझीची थोरवी अशी, की जोपासलेले आपले मत सोडून त्याने हा निकाल स्वीकारला. वयाने अठ्ठावीस वर्षांनी लहान असलेल्या माणसापुढे आपली उपपत्ती मागे घेणे विद्वानांच्या जगात सोपे नसते.

थरथर सापडली तोच फडफडही सापडली. १९११ मध्ये एडिंबरोच्या जॉली आणि रिची यांनी एका रोग्याच्या पट्टीवर निराळेच चित्र दाखविले. तेथे अलिंदांच्या लाटा मिनिटास सुमारे तीनशे या वेगाने, एकीसारखी दुसरी, करवतीच्या दात्यांप्रमाणे ओळीने उमटत होत्या. मॅकविल्यमचा शब्द उचलून त्यांनी तिला फ्लटर म्हटले आणि फिब्रिलेशनपासून वेगळे काढले.

हे वेगळे काढणे म्हणजे काय, हे पट्टीवरच पाहू या. कार्डिओग्रामचा कागद सेकंदास पंचवीस मिलिमीटर सरकतो. त्यावरचा एक मोठा चौकोन म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. वाचणाऱ्याने तीन प्रश्न क्रमाने विचारावे. सुळक्यांमधील अंतरे सारखी आहेत का? प्रत्येक सुळक्यापूर्वी पी लाट आहे का, आणि ती प्रत्येक वेळी एकाच आकाराची आहे का? सुळक्यांमधली रेषा सपाट आहे, थरथरती आहे, की दातेरी आहे?

अंतरांत काहीच मेळ नाही, पी लाट नाही आणि रेषा थरथरती, तर ते फिब्रिलेशन. येथे अलिंदांत मिनिटास साडेतीनशे ते सहाशे वेडेवाकडे धक्के उठतात. पहारेकरी त्यांतले जमतील तेवढे आत सोडतो, म्हणून नाडी बेताल. रेषा दातेरी आणि दाते एकसारखे, तर फ्लटर. येथे पहारेकरी बहुधा दोन दात्यांमागे एक ठोका सोडतो. म्हणून नाडी मिनिटास दीडशेच्या जवळपास, आणि तीही नियमित! हीच मोठी फसगत. दर दुसरा दाता सुळक्यात लपून जातो आणि पाहणाऱ्याला वाटते की हृदय नुसते जोरात धावत आहे. अशा वेळी डॉक्टर मानेतील धमनी हलकेच चोळतो किंवा ॲडिनोसीन हे क्षणभर टिकणारे औषध टोचतो. पहारेकरी थोडा वेळ दार लावून घेतो, सुळके विरळ होतात आणि लपलेले दाते उघडे पडतात. याउलट कधी पहारेकरी दोनांस एक, मग चारांस एक, मग तिनांस एक असे सोडतो. मग फडफड असूनही नाडी बेताल लागते आणि बोटांना ती थरथरच वाटते. कधी कधी थरथरच मोठ्या लाटांची असते आणि छातीवरच्या पहिल्या तारेत करवतीसारखी भासते. दाते शेवटपर्यंत एकाच आकाराचे व एकाच अंतरावर आहेत का, हे मोजून पाहिले म्हणजे उलगडा होतो.

तिसरा तोतया याहून उशिरा ओळखला गेला. १९६८ मध्ये शाइन, कॅस्टर आणि युर्चाक या अमेरिकन डॉक्टरांनी बत्तीस रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. या रोग्यांची नाडी जलद आणि पूर्ण बेताल होती, पण प्रत्येक सुळक्यापूर्वी पी लाट होती, आणि ती निदान तीन निरनिराळ्या आकारांची होती. मधली रेषा सपाट होती. म्हणजे अलिंद थरथरत नव्हते. निरनिराळ्या ठिकाणांहून आळीपाळीने आज्ञा सुटत होत्या. असे रोगी बहुधा फुप्फुसाच्या जुनाट विकाराने गांजलेले असतात. येथे डिजिटॅलिस देऊन किंवा विजेचा झटका देऊन उपयोग होत नाही. उपचार श्वासाचा करावा लागतो. फिब्रिलेशन समजून डिजिटॅलिसची मात्रा वाढवीत गेल्यास विषबाधा मात्र पदरी पडते. नावाच्या चुकीची किंमत रोग्याने मोजावयाची, ती अशी.

निरुपद्रवी तोतयेही आहेत. तरुण माणसाची नाडी श्वास घेताना जलद आणि सोडताना मंद होते. ते आरोग्याचेच लक्षण आहे. कंपवाताच्या रोग्याचा हात सेकंदास चार ते सहा वेळा हलतो, म्हणजे मिनिटास दोनशे चाळीस ते तीनशे साठ वेळा. तो कंप पट्टीवर उमटला की हुबेहूब फडफड दिसते. अशा वेळी ज्या तारेत हा हात येत नाही, तीत पी लाटा स्वच्छ दिसतात. एवढे न पाहिल्यास हाताचा रोग हृदयावर लादला जातो.

ही थरथर उठते कशी, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. जॉर्ज माइन्सने १९१३ मध्ये आणि गॅरीने १९१४ मध्ये, लहर वर्तुळात फिरत राहू शकते हे दाखविले. लुईसने १९२० मध्ये फडफडीला ही उपपत्ती लावली. १९५० च्या सुमारास प्रिंझमेटलने अतिवेगवान चित्रपट घेऊन, दोन्ही विकार मुळात एकच असल्याचा दावा केला. तो टिकला नाही. फडफडीत लहर बहुधा उजव्या अलिंदात एका झडपेभोवती फेऱ्या घालते हे आता निश्चित झाले आहे. म्हणून त्या वाटेवरील अरुंद पट्टा नळीवाटे उष्णता देऊन बंद केला की फडफड बहुधा कायमची थांबते. थरथरीचे कोडे अधिक बिकट. १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंचेचाळीस रोग्यांत शोध घेतला. थरथरीची ठिणगी टाकणारी चौऱ्याण्णव टक्के ठिकाणे त्यांना फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी आढळली.

औषधाच्या इतिहासातील एक गमतीची हकीगत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. वेंकेबाख या डच वैद्याने ती आपल्या १९१४ च्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. पूर्वेकडे राहिलेला एक व्यापारी बेताल नाडी घेऊन त्याच्याकडे आला. ही कायमची थांबविण्याचे वचन मी देऊ शकत नाही, असे वेंकेबाख म्हणाला. व्यापारी म्हणाला, उद्या सकाळी मी नियमित नाडी घेऊन येतो! आणि तो आला. हिवतापाच्या देशात राहून त्याला कोयनेल घेण्याची सवय होती, आणि ते घेतले की आपली नाडी सुधारते हे त्याने स्वतःच ताडले होते. १९१८ मध्ये फ्रेने कोयनेलाचे भावंड क्विनिडीन अधिक गुणकारी असल्याचे दाखविले. पुढे ते धोक्याचे ठरून मागे पडले, पण रोग्याचे म्हणणे ऐकावे हा धडा राहिला.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अलिंद थरथरतात तेव्हा त्यांत रक्त साचून राहते, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या साध्या गावाच्या रहिवाशांची पाहणी १९४८ पासून चालू आहे. तिच्या आधारे १९७८ मध्ये दिसून आले, की झडपेचा रोग नसतानाही फिब्रिलेशनमुळे पक्षाघाताचा संभव पाचपटींहून अधिक होतो. सांध्यांच्या तापाने झडप बिघडली असेल तर सतरापटींहून अधिक. हा ताप लहानपणी घसा सुजून येतो, सांध्यांना चाटून जातो आणि हृदयाला चावतो. दाट वस्तीच्या आणि अपुऱ्या औषधपाण्याच्या देशांत त्याचे बळी अधिक, आणि आपला देश त्यांत मोडतो. रक्त न गोठू देणारी नवी औषधे आली असली, तरी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील साडेचार हजारांवर रोग्यांच्या चाचणीत, सांध्यांच्या तापाने बिघडलेल्या हृदयाला नव्या औषधापेक्षा जुने वॉर्फरिनसारखे औषधच अधिक तारक ठरले. श्रीमंत देशांतील रोग्यांवर ठरलेला निष्कर्ष आपल्या रोग्यांना जसाच्या तसा लागू होतोच असे नाही, हे यावरून समजावे.

आज मनगटी घड्याळे नाडी मोजतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत अशी घड्याळे वापरणारे चार लाख एकोणीस हजार लोक होते. त्यांपैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांना बेताल नाडीची सूचना मिळाली. पुढे छातीवर पट्टी लावून तपासून घेतलेल्यांपैकी चौतीस टक्क्यांत फिब्रिलेशन आढळले. उरलेल्यांची सूचना खोटीच होती असे नव्हे, कारण हा विकार येतो आणि जातो. परंतु एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. घड्याळाच्या पाठीवरचा दिवा मनगटातील रक्ताचा हेलकावाच मोजतो. म्हणजे ती वैद्याची तीन बोटेच होत, फक्त न थकणारी. नाडी बेताल आहे, एवढेच तीही सांगतात. ती कोणत्या कारणाने बेताल आहे हे सांगावयास पट्टी लागते, आणि पट्टी वाचणारा लागतो. पट्टीवर यंत्राने आपोआप छापलेले निदानही अखेर सल्लाच असतो. कंपवाताच्या हाताला फडफड समजण्याची चूक यंत्र जितक्या सहज करते, तितक्याच सहज एखादी खरी फडफड ते नुसती धावती नाडी म्हणून सोडून देते.

म्हणून आमचे सांगणे थोडेच आहे. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाने अधूनमधून आपली आणि घरातील वडीलधाऱ्यांची नाडी मिनिटभर मोजावी. तिला ताल आहे का, एवढेच पाहावे. ताल चुकत असेल तर घाबरू नये आणि स्वतः औषधही घेऊ नये, पण डॉक्टरकडे जाऊन कार्डिओग्राम काढून घ्यावा आणि ती पट्टी जपून ठेवावी. मुलांचा घसा सुजून ताप आला आणि मागून सांधे दुखू लागले तर ती गोष्ट अंगावर काढू नये. बर्नलीच्या डॉक्टरपाशी मोठे यंत्र नव्हते. त्याच त्या माणसांना पुनःपुन्हा तपासण्याची चिकाटी आणि दिसले ते लिहून ठेवण्याची शिस्त एवढेच त्याचे भांडवल होते. तेवढ्या भांडवलावर वैद्यकातील एक अडीचशे वर्षांचे कोडे सुटण्याच्या वाटेला लागले. ते भांडवल कोणत्याही गावात जमवता येण्यासारखे आहे.